पाटी आणि पान

डोंबिवली स्थानकाची पाटी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत आहे. तिन्ही भाषा तिथे एकाच वेळी लिहिलेल्या असतात. पाटी आधी तुमची भाषा विचारत नाही, काही दाबायला लावत नाही.

यंदा आमच्या दिवाळी अंकाच्या माहितीची पानं वेबसाइटवर ठेवायची ठरली, तेव्हा ही पाटी आठवली. अंक मराठी, त्यात वाद नाही. पण किंमत, विक्रीची ठिकाणं, वर्गणी ही माहिती गुजराती जाहिरातदारांना हवी आणि इंग्रजी शाळेत शिकलेल्या नातवंडांनाही. वेबसाइट करून देणाऱ्या तरुणानं उत्साहानं सुचवलं, की वाचक कुठे आहे ते शोधून भाषा ठरवू आणि वर झेंडे लावू. आम्ही विचारलं, मराठीचा झेंडा कोणता? तो हसला. शिवाय ठिकाणावरून भाषा ठरवली, तर डोंबिवलीतल्या तमिळ शेजाऱ्याला मराठी पान मिळणार आणि न्यू जर्सीतल्या मराठी आजोबांना इंग्रजी!

खरं तर यातलं काहीच लागत नाही. वाचकाला कोणत्या भाषा हव्यात आणि कोणत्या क्रमानं, हे ब्राउझर पान मागतानाच सर्व्हरला सांगतो. ही सोय 1990च्या दशकापासून आहे. अपाचेसारख्या सर्व्हरवर एकाच पानाच्या तीन भाषांतल्या तीन फायली ठेवायच्या आणि भाषेनुसार पान निवडण्याची सोय चालू करायची. बाकीचं काम सर्व्हर करतो.

एक अडचण मात्र खरी आहे. घरोघरी फोन दुकानातून आला तसाच, इंग्रजीवर ठेवलेला असतो. आयुष्यभर मराठी वाचलेल्या आजींचा फोनही मग सर्व्हरला ‘इंग्रजी’ असंच सांगतो. म्हणून प्रत्येक पानावर इतर भाषांचे साधे दुवे हवेतच, आणि तेही त्या त्या लिपीत. गुजराती वाचकानं ‘गुजराती’ हा शब्द देवनागरीत का शोधावा?

पानाच्या माथ्यावर, वाचकाला न दिसणाऱ्या जागी, भाषेची खूण लिहायची असते. मराठीची खूण ‘एमआर’. फॉन्टमध्ये सोय असेल तर या दोन अक्षरांमुळे ल आणि श हिंदी वळणाचे न दिसता मराठी वळणाचे दिसतात, आणि पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी आवाज निवडू शकतं. एकेकाळी मराठी पान उघडण्याआधी फॉन्ट उतरवून घ्यावा लागे. तो नसला की पडद्यावर नुसता चिन्हांचा खच. युनिकोड आलं आणि ते संपलं. तरी काही लेखकांचं साहित्य अजून जुन्या फॉन्टात येतं आणि ऐन दिवाळीच्या तोंडावर आमची झोप उडवतं, ते असो.

पानं तयार झाल्यावर मुद्रितशोधक बाईंनी ती आपल्या फोनवर उघडली. फोन मराठीवर होता, त्यामुळे थेट मराठी पान आलं. भाषेबद्दल त्या काहीच बोलल्या नाहीत. तिसऱ्या ओळीतला ‘दर्या’ मात्र त्यांनी लगेच ‘दऱ्या’ करायला लावला.