द्रुत लयीचा रस्ता

ख्यालगायकीचे माहेरघर म्हणून ग्वाल्हेरपुढे गोमंतकीय रसिक आजही हात जोडतो. परंतु २०२५ च्या पावसाळ्यात या नगरीचा बोलबाला झाला तो गळ्यामुळे नव्हे, रस्त्यामुळे. चेतकपुरी भागातील नवाकोरा रस्ता पहिल्याच पावसात खचला. बुजविला, तो पुन्हा खचला. विलंबित ख्यालाच्या गावात रस्त्याने मात्र थेट द्रुत लय धरली!

त्याच सुमारास भोपाळच्या ऐशबागेत १८ कोटींचा पूल काटकोनात वळल्याचा बोभाटा होऊन सात अभियंते निलंबित झाले. पुढे उच्च न्यायालयापुढे तज्ज्ञांचे मोजमाप आले, तेव्हा तो कोन ११८ अंशांच्या घरात निघाला. म्हणजे पूल बांधताना नव्हे, तर शिक्षा करतानाही कोणी कोनमापक लावला नव्हता!

हसावे तेवढे थोडेच. मात्र हसणाऱ्या पणजीकराने आपल्या पायांखालीही पाहावे. स्मार्ट सिटीच्या खोदकामानंतर येथेही मालवाहू ट्रक रस्त्यात रुतले आणि २०२४ च्या आरंभी रायबंदरला अशाच कामाच्या खड्ड्यात पडून एका तरुणाचा प्राण गेला. तेथे विनोद संपतो.

कोनशिलेवर मंत्र्यांचे नाव कोरण्यास आपण कधी विसरत नाही. त्याच जागी ठेकेदाराचे व देखरेख करणाऱ्या अभियंत्याचे नाव, खर्चाचा आकडा आणि दुरुस्तीच्या हमीची मुदत ठळक अक्षरांत लागली पाहिजे. कर भरणाऱ्या नागरिकाने निदान एवढे तरी मागून घ्यावे. श्रेयाला नाव असते, तसे ते दोषालाही असावे.