ध्वजाचे कापड

ऑगस्ट उजाडला की राष्ट्रध्वजाच्या रंगांवर भाषणे होतात. त्याच्या कापडाचा विचार सहसा कोणी करीत नाही. वास्तविक स्वतंत्र भारताच्या मानक संस्थेने पहिल्या क्रमांकाचे मानक ठरविले, ते याच ध्वजाचे. सूत हातचे आणि विणही हातची, ही अट केवळ भावनेपोटी नव्हती. हुबळीतील बेंगेरीच्या व आपल्या नांदेडच्या खादी केंद्रांना तिच्यामुळे एक हक्काचा बाजार लाभला होता.

३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहिता बदलली. यंत्रावर तयार झालेल्या, अगदी पॉलिएस्टरच्याही ध्वजास मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी ‘हर घर तिरंगा’ मोहीम निघाली. एवढ्या घरांना खादी पुरणार नाही, शिवाय ती महाग, हा युक्तिवाद निराधार नाही. बेताच्या पगारात घर चालविणाऱ्याला स्वस्त ध्वज हवा, यात गैर ते काय? तथापि मागणीला अभूतपूर्व भरती येणार, नेमक्या त्याच वेळी कातणाऱ्या हातांचे संरक्षण संपूर्ण काढून घेणे हा कोणता न्याय?

घरांवर पॉलिएस्टर खुशाल फडको. सरकारी कचेऱ्या, शाळा व महाविद्यालये यांच्यापुरती तरी खादीची अट ठेवता आली असती. ती आजही घालता येईल. (झेंडावंदनापुरती खादीची टोपी शोधणाऱ्या पुढाऱ्यांची तरी हरकत नसावी!) मात्र संस्थांनी ही मागणी जुलैअखेर न नोंदविता उन्हाळ्यातच नोंदवावी, चरख्याला आणि हातमागाला वेळ लागतो.