पर्शियन मांजर घरी आणण्याआधी

सुट्टी लागली की मुले पर्शियन मांजरीचा हट्ट धरतात. अब्बा पिल्लू आणतात, घर आनंदून जाते. वर्षभराने तीच मांजर मासळी बाजारात सोडल्याचे कानावर येते. "मांजरच ती, कुठेही जगेल," असे लोक म्हणतात.

गावठी मांजर कदाचित जगेल, पर्शियनचे तसे नाही. लांब केस रोज विंचरावे लागतात, नाहीतर जटा होऊन कातडी दुखते. चपट्या नाकामुळे श्वास अडतो, डोळे पाणावतात. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याचा आजारही या जातीत पिढीजात येतो.

इंग्लंडमध्ये पैदास करणाऱ्यांच्या क्लबांची मध्यवर्ती संस्था १९१० पासून आहे. तिथे जातीनिहाय क्लब बेघर मांजरांना नवे घर मिळवून देतात. आपल्याकडे बहुतेकदा पैसे दिले की विकणाऱ्याचा संबंध संपतो.

म्हणून आम्ही पालकांना सांगतो, पिल्लू घेण्याआधी तीन प्रश्न विचारा. त्याची आई दाखवाल का? आईबापाच्या मूत्रपिंडाची तपासणी झाली आहे का? आम्हाला सांभाळणे जमले नाही, तर परत घ्याल का? तिसऱ्या प्रश्नाला जो टाळतो, त्याच्याकडून घेऊ नका.

आणि घरात आधीच मांजर असेल तर? जमत नसल्यास आप्तांत, ओळखीत घर शोधा, प्राण्यांच्या डॉक्टरांना विचारा. उपाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पण कायद्याआधीही ती आपल्याकडची अमानत आहे, हे मुलांना आपल्या वागण्यातूनच कळते.