कॅमेरा दुकानदाराचा, पुरावा कुणाचा?

वाशिम असो की कारंजा, दुकानदाराला सल्ला एकच: कॅमेरे लावा. खर्च अर्थातच त्याचा. मग कधी दंगल होते, दुकान फुटते आणि तपासासाठी डीव्हीआरही जातो. हाती ना माल, ना चित्रण. नुकसान कोणी केले, हे त्याने कशाच्या आधारे सांगायचे?

जमावाने केलेल्या नुकसानीची भरपाई ते करणाऱ्यांकडून आणि आयोजकांकडून घ्यावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्येच सांगितले. पण त्यासाठी जमावातली माणसे ओळखावी लागतात.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मधील प्रमाणपत्रात फाइलचे हॅश मूल्य लिहावे लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक फ्रेम बदलली तरी जुळत नाही. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ प्रमाणे जप्तीचेही चित्रीकरण करावे लागते. एवढे सगळे होत असताना दुकानदाराला त्याच्याच चित्रणाची प्रत द्यायला अडचण कसली?

डीव्हीआर उचलण्याआधी त्याच्यासमोर प्रत काढा, हॅश पंचनाम्यात लिहा, पावती द्या. पेन ड्राइव्ह तोच आणेल. कॅमेऱ्याचे पैसेही त्यानेच भरलेत.