गण आठच का?

गतवर्षी पावसाळ्याच्या दिवसांत नववीच्या वर्गात आम्ही वृत्ते शिकवीत होतो. ‘यमाताराजभानसलगं’ हे सूत्र फळ्यावर लिहिले, लघु-गुरूंच्या खुणा काढल्या, य, र, त, न, भ, ज, स, म हे आठ गण मुलांकडून घोकून घेतले आणि गेली बारा वर्षे जसे समाधानाने खडू खाली ठेवीत आलो तसाच तो याही वेळी ठेवला. तोच मागल्या बाकावरच्या एका मुलीने उभे राहून विचारले, “गुरुजी, गण आठच का? नववा का नाही?”

वाचकहो, आम्ही कला शाखेचे पदवीधर. मराठी आणि इतिहास हे आमचे विषय. शाळा सुटल्यापासून गणिताशी आमचा संबंध वाण्याच्या हिशेबापुरताच उरलेला. “शास्त्रकारांनी आठच सांगितले आहेत” असे काहीसे उत्तर आमच्या ओठांवर आले होते. पण ते उत्तर नव्हे, पळवाट होय, हे त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहताच आम्हांला उमगले. “उद्या सांगतो” म्हणून आम्ही तास संपविला. शिक्षकाला ‘उद्या सांगतो’ म्हणण्याची लाज वाटू नये, असे आम्ही इतरांना नेहमी सांगतो. त्या दिवशी मात्र आम्हांला ती वाटली.

सायंकाळी घरी कागद घेऊन बसलो. गणात अक्षरे तीन. प्रत्येक अक्षर एकतर लघु, नाहीतर गुरू. तिसरा प्रकार नाही. पहिल्या जागी दोन शक्यता, त्या प्रत्येकीबरोबर दुसऱ्या जागी दोन आणि त्या प्रत्येकीबरोबर तिसऱ्या जागी पुन्हा दोन. २ गुणिले २ गुणिले २, म्हणजे ८. नववा गण नाही, कारण त्याला बसायला जागाच नाही. बारा वर्षे आम्ही जे मुलांना पाठ करायला लावले, ते पाठ करण्याचे नव्हतेच. दोन मिनिटांत मोजण्याचे होते! पुढे आणखी एक गोष्ट दिसली. तिन्ही गुरू असलेला गण एकच, तो ‘म’. एकच लघु असलेले तीन: य, र आणि त. दोन लघु असलेले तीन: ज, भ आणि स. तिन्ही लघु असलेला पुन्हा एकच, तो ‘न’. १, ३, ३, १. ही ओळ कोठेतरी पाहिली आहे असे वाटले आणि गणिताच्या शिक्षकांनी दुसऱ्या दिवशी ती ओळखली. पाश्चात्त्य ग्रंथांत तिला पास्कालच्या त्रिकोणातील ओळ म्हणतात. पास्कालचा त्यावरील ग्रंथ १६६५ साली प्रसिद्ध झाला. पण पिंगलाच्या छंदःशास्त्रावर टीका लिहिणाऱ्या हलायुधाने दहाव्या शतकातच हा त्रिकोण ‘मेरुप्रस्तार’ या नावाने समजावून दिला होता, आणि तोही नेमका याच कामासाठी, म्हणजे लघु-गुरूंचे प्रकार मोजण्यासाठी. तेव्हा आमच्या व्याकरणाच्या तासातून निघालेली वाट गणितात जाऊन पोहोचली यात नवल काहीच नव्हते. ती वाट जुनीच होती, आम्हीच तिच्यावरून कधी चाललो नव्हतो.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. अनेक वस्तूंतून काही वस्तू किती प्रकारे निवडता येतात, हे मोजण्याच्या शास्त्राला गणिताच्या पुस्तकांत ‘समचय’ म्हणतात. आमच्या सीमाभागातील मराठी शाळांतल्या मुलांची या विषयाशी खरी गाठ पडते ती दहावीनंतर, अकरावीत. आणि जी मुले विज्ञान शाखेला जातात त्यांच्या बाबतीत ती पडते इंग्रजीतून. दहा वर्षे मराठीत शिकलेले पोर तेथे जाते, त्याच्यासमोर उद्गारचिन्हे घातलेले एक सूत्र ठेवले जाते, आणि हे सूत्र कशाला हे विचारण्याइतकी इंग्रजी त्याच्या तोंडी अजून बसलेली नसते. चांगली चांगली मुले त्या पहिल्या काही महिन्यांत हाय खाऊन शाखा बदलताना आम्ही पाहिली आहेत. त्यांना गणित कठीण गेले असे घरची माणसे म्हणतात. आमच्या मते त्यांना गणित भेटलेच नाही. त्यांना फक्त सूत्र भेटले. म्हणून, अभ्यासक्रमात असो वा नसो, ही कल्पना मुलांच्या मनात आपल्या भाषेत नववीतच रुजवावी असे आम्ही दोघा शिक्षकांनी ठरविले.

संगणकाचा उपयोग करावा ही सूचना गणिताच्या शिक्षकांची. आम्ही प्रथम नाक मुरडले, हे कबूल करतो. निवडीच्या मोजणीवरचे तयार खेळ आम्हांला पडद्यावर पुष्कळ सापडले. एखादी वस्तू बोटाने उचलून बशीत ठेवावी, बशी भरली की नवी बशी घ्यावी, असे ते असतात. पण जे जे सापडले ते सारे इंग्रजीत, आणि त्यांतल्या वस्तू कोणत्या, तर पिझ्झ्यावर पसरायची आळंबी आणि आइस्क्रीमचे गोळे. आमचे बिऱ्हाड मूळचे चोर्ला घाटापलीकडले, घरी कोकणी बोलणारे. आम्ही म्हटले, आळंबी राहू द्या. आमच्याकडची भाजीपावाची दुकाने घ्या. गोव्यात सकाळी कोणत्याही हॉटेलात जाऊन ‘मिक्स’ म्हणावे, की एका बशीत दोन भाज्या एकत्र घालून मिळतात. पाच भाज्या असतील, म्हणजे पातळ भाजी, सुकी भाजी, अळसांदे, मूग आणि टोमॅटो, तर ‘मिक्स’ किती प्रकारची होईल? वर्गातल्या बहुतेक मुलांनी शिरगावच्या जत्रेला नाहीतर समुद्रावर जाताना ती बशी खाल्ली होती. प्रश्न लगेच त्यांचा झाला.

नववीतल्याच तिघांनी स्क्रॅचमध्ये हा खेळ तयार केला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथल्या तंत्रज्ञान संस्थेने २००७ साली मुलांसाठी खुली केलेली ही योजना. तीत आज्ञांचे रंगीत ठोकळे एकमेकांना जोडून कार्यक्रम बनवितात, आणि त्यासाठी पैसे पडत नाहीत. भाज्यांची चित्रे मुलांनीच काढली. दोन भाज्यांना बोट लावले की बशी भरे, बशीचे नाव खाली यादीत चढे आणि तीच बशी पुन्हा भरली तर ‘ही झाली’ अशी पाटी येई. वर्गापुढे खेळ मांडला. बशा भरता भरता यादी वीसवर गेली आणि थांबली.

इकडे काही मुलांनी वहीत रेघा ओढून मोजले होते. त्यांचे उत्तर दहा. यंत्र म्हणे वीस, वही म्हणे दहा. वर्गात दोन तट पडले, आणि सांगायला वाईट वाटते, मोठा तट यंत्राच्या बाजूचा होता. वहीत दहा लिहिलेल्यांपैकी दोघांनी तर उत्तर खोडून वीस केलेलेही आम्ही पाहिले. यंत्र चुकेल ही शंकाच त्यांना शिवली नाही. शेवटी ज्या मुलीने गणांचा प्रश्न विचारला होता तीच पुढे येऊन यादी वाचू लागली: पातळ-सुकी... सुकी-पातळ... आणि तिने आमच्याकडे पाहिले. आम्हांला हसू आवरेना. आमच्या तोंडून घरची भाषा निघून गेली, “पोटांत गेल्यार सगळें एकूच!” वर्गाला ती कळली.

यंत्र नावे अक्षराला अक्षर ताडून पाहत होते. त्याला ‘पातळ-सुकी’ आणि ‘सुकी-पातळ’ या दोन निराळ्या बशा वाटत होत्या. प्रत्येक बशी दोनदा मोजली गेली म्हणून वीस. दोनाने भागा, दहा. सूत्रात खाली भागाकार कशासाठी असतो, याचे उत्तर एका चुकलेल्या खेळाने दिले. तीन भाज्यांच्या बशीसाठी त्याच यंत्राने साठ दाखविले असते, आणि तीन भाज्या सहा क्रमांनी घालता येतात म्हणून सहाने भागून पुन्हा दहाच उरले असते. दोन्हीकडे दहा कसे, हेही एका मुलाने सांगितले: तीन घेणे म्हणजे दोन टाकून देणे. पुढे त्या तिघांनी चूक दुरुस्त केली ती अशी, की प्रत्येक भाजीला क्रमांक दिला आणि नाव लिहिताना लहान क्रमांक नेहमी आधी लिहायचा. ही युक्ती त्यांना कोणी शिकविली नव्हती. आम्हांला वाटते, बिनचूक खेळ पहिल्याच दिवशी मिळाला असता तर यातले काहीही घडले नसते.

त्याच खेळात प्रथम एक बटण होते, ‘सर्व दाखवा’ नावाचे. ते आम्ही दुसऱ्याच दिवशी काढून टाकायला लावले. ते असेतो मुले विचार करीत नसत. बटण दाबीत आणि उत्तर उतरवून घेत. आता यंत्र आधी मुलाचा अंदाज मागते आणि अंदाज लिहिल्याशिवाय बशी उघडतच नाही. अशा साधनाने मुलाला थोडे अडवावे, ताटकळवावे, अशा मताचे आम्ही आहोत. दुसरे असे की, शाळेत यंत्रे थोडी म्हणून चार चार मुलांना एक दिले, त्याची आम्हांला पूर्वी खंत वाटे. आता वाटत नाही. चौघे एका पडद्याभोवती बसले की भांडतात, आणि या विषयात भांडणे म्हणजेच शिकणे असते. एकेकट्याला यंत्र दिले त्या दिवशी वर्ग शांत होता आणि कोणाच्या हाती फारसे काही लागले नाही.

काही पालकांनी विचारले, यासाठी घरी मोबाइल द्यावा लागेल का? मुळीच नाही. श्रावणात आमच्यासमोरच त्याचे प्रात्यक्षिक झाले. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या लीलावतीत सहा रसांचे किती प्रकारचे मिश्रण होईल असा प्रश्न आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. (संस्कृतात ‘कटु’ म्हणजे तिखट आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू, मराठीत येताना या दोघांनी परस्परांची घरे कशी बदलली, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) पडद्यावर सहा दिवे काढले होते, रस घेतला की दिवा लागे. मुलांनी जेमतेम बारा-पंधरा प्रकार लावले असतील तोच पाऊस कोसळला आणि वीज गेली. आम्ही तास सोडणार होतो. तेवढ्यात सहा मुले आपणहून पुढे येऊन ओळीने बाकावर बसली. उभा राहिला तो लागलेला दिवा, बसला तो विझलेला. एकट्याचे प्रकार दोन. दुसरा आला की चार, कारण पहिल्याचे सारे प्रकार एकदा तो बसलेला असताना आणि एकदा तो उभा असताना व्हायचे. तिसरा आला की आठ. “आमचे गण!” असे कोणीतरी ओरडले. सहावा येऊन बसला तेव्हा चौसष्ट झाले. सगळेच बसले तो बेचव प्रकार वगळला, त्रेसष्ट उरले. भास्कराचार्यांचे उत्तर तेच आहे: एकेक रसाचे ६, दोन दोनांचे १५, तिनांचे २०, चारांचे १५, पाचांचे ६ आणि साऱ्यांचा १.

मग यंत्र हवे कशाला, असे विचारणारे आमचे एक ज्येष्ठ सहकारी आहेत. त्यांच्या मते चिंचोके पुरेत. वीस-पंचवीसपर्यंत चिंचोकेच बरे, हे आम्हांलाही मान्य आहे. पण वराहमिहिराच्या बृहत्संहितेत सोळा सुगंधी द्रव्यांतून चार चार घेण्याचे १८२० प्रकार सांगितले आहेत. शाळेच्या बारा खेळाडूंतून कबड्डीचे सात निवडायचे तर ७९२ संघ होतात. हे चिंचोक्यांनी मांडायला बसलो तर गणपती येतील. मुलाने आधी हिशेब करून ७९२ म्हणावे आणि मग यंत्राने एकेक संघ पडद्यावर सरसर उतरवीत बरोबर ७९२ वर थांबावे, तेव्हा मुलाच्या तोंडावर जे दिसते ते चिंचोक्यांनी दिसत नाही. आपण न पाहिलेली गोष्ट आपल्या बुद्धीने आधीच मोजली होती, याचा तो आनंद असतो. त्यासाठी यंत्र हवे. त्याच्या आधी मात्र नको.

हे सारे आपल्या भाषेत झाले याला आम्ही फार मोल देतो. पाटीवर मराठी होते, भांडणात थोडी कानडी होती, आमची कोकणी मध्येच डोकावून गेली, पण ‘का?’ हा प्रश्न कोणाच्याही घशात अडकला नाही. यंदा या वर्गातली मुले दहावीला बसत आहेत. पुढल्या वर्षी काहींच्या पुढ्यात ते उद्गारचिन्हांचे सूत्र येईल, तेव्हा त्यांना पातळ भाजी आठवली तर बरे.

ती मागल्या बाकावरची मुलगी परवा पुन्हा आली होती. अकरा अक्षरांच्या चरणात लघु-गुरूंची मांडणी २०४८ प्रकारे होते, हे तिने स्वतःच काढले होते. त्यांतल्या इंद्रवज्रा, उपेंद्रवज्रा, शालिनी, रथोद्धता अशा मोजक्याच मांडण्यांना नावे आहेत. बाकीच्यांत कोणी कविता का लिहिली नाही, त्या म्हणून पाहिल्या तर कशा वाटतील, असे तिचे म्हणणे. आम्ही “उद्या सांगतो” म्हटले आहे.