प्रतिसरकारचे खरे बळ

९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजला आणि दुसऱ्याच दिवशी इस्लामपूरला मोर्चांवर गोळीबार झाला. आजच्या सांगलीचा मोठा भाग सामावणाऱ्या तेव्हाच्या सातारा जिल्ह्याने १९४३ मध्ये प्रतिसरकार उभारून या दडपशाहीला उत्तर दिले. क्रांतिसिंह नाना पाटलांवर बक्षीस लागले होते. तरीही १९४६ पर्यंत ते सरकारच्या हाती लागले नाहीत. हे धैर्य केवळ बंदुकीचे नव्हते. भूमिगतांना भाकरी देणाऱ्या घरांचेही होते. ही घरे निर्भय झाली, कारण न्यायमंडळांनी सावकार व गावगुंडांना आवरून गावातच न्याय दिला. स्वातंत्र्यावरील श्रद्धा दृढ झाली ती अशा अनुभवाने. हुतात्म्यांच्या स्मारकांपुढे नतमस्तक होताना आपण एवढेच विचारावे: गावातील दुबळ्यातल्या दुबळ्याला आज न्यायाचा तसा भरवसा वाटतो काय?