आरोग्यधन : गर्भावस्थेतील केशप्रसाधने

डोहाळजेवणाचा दिवस ठरला की फुलांच्या वाडीबरोबर केस रंगवण्याचा विषयही घरात निघतो. नेहमीच्या केशरंगाचा फारच थोडा अंश टाळूतून शरीरात शोषला जातो. तरीही पहिले १२ आठवडे गर्भाचे अवयव घडण्याचे असल्याने त्या काळात रंग टाळावा, असे अनेक वैद्य सुचवतात.

खरी सावधगिरी हवी ती ‘काळ्या मेंदी’विषयी. शुद्ध मेंदीचा रंग तांबूस-केशरीच येतो. केस झटपट काळेभोर करणाऱ्या चूर्णात बहुधा ‘पीपीडी’ हे रसायन मिसळलेले असते. त्यामुळे टाळूला खाज, सूज वा फोड येऊ शकतात. पूर्वी त्रास झाला नसला, तरी तो नव्याने उद्भवू शकतो. म्हणून ४८ तास आधी थोडे त्वचेवर लावून पाहावे.

केस सरळ करणाऱ्या अनेक ‘केराटिन’ उपचारांत उष्णतेने फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. तो श्वासावाटे शरीरात जात असल्याने हे उपचार प्रसूतीनंतरच्या काळावर सोडावेत. केसगळतीवरील मिनॉक्सिडिलही गर्भवतीने वापरू नये. खोबरेल तेल, शिकेकाई वा सौम्य शांपू नित्य वापरास पुरेसा आहे.

प्रसूतीनंतर तीन-चार महिन्यांनी केस गळू लागतात. ते बहुधा आपोआप थांबते.

पेढीवर माल पारखल्याविना कोणी घेत नाही. मग वेष्टनावरील ‘नैसर्गिक’ या एका शब्दावर विसंबून न राहता, मागची घटकसूची वाचण्याची आणि शंका आल्यास डॉक्टरांना विचारण्याची दक्षता घरातील भावी मातेसाठीही घ्यावी.